भुंग्याचा होकार

१

ऑरविल ट्वेट गुरुवारी दुपारी वारला, आणि त्याच संध्याकाळी त्याने शाळेच्या सभेत मत दिलं.

मार्सेला फेटरला ही बातमी हार्लन ग्रोथने दिली. शुक्रवारी सकाळी तो तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, भुवयांवरचा बर्फ वितळून गालांवर उतरत होता. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. मार्सेला दुपारपर्यंत नुसत्या काळ्या कॉफीवर असायची आणि सकाळची जपमाळ पुरी झाल्याशिवाय कुणाशी बोलायची नाही. मणी तसेच बोटांत धरून तिने त्याला आत घेतलं.

"गुरांना चारा टाकायला गेलो होतो त्याच्याकडे," हार्लन म्हणाला. "वादळानंतर धूर दिसला नाही धुराड्यातून. वाटलं, म्हातारा झोपला असेल. मी आपला चारा टाकत होतो."

"त्याने बोलावलं होतं?"

"बोलावतंय कोण? वादळात जो जवळ असेल तो करतो. नंतर सांगतो. तुझ्या नवऱ्याने माझ्या गाईचं बाळंतपण केलं होतं, मी घरी नसताना. विचारलं होतं का?" त्याने टोपी काढली. "खुर्चीत बसला होता, मार्सेला. कोळशाची शेगडी गार. गळ्यात भुंगा लटकलेला. समोर दुपारचं जेवण वाढलेलं, घास घेतलेला नाही."

भुंगा म्हणजे ऑरविलचा आवाज. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या घशातली गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. तेव्हापासून तो मुठीएवढं एक यंत्र गळ्याला लावायचा, बटण दाबायचा आणि ओठ हलवायचा. त्यातून गुणगुणता, एका सुराचा, ना बाईचा ना पुरुषाचा असा आवाज निघायचा. सेज कूलीत सगळे त्याला भुंगाच म्हणत, ऑरविलसुद्धा.

"देव त्याला शांती देवो," मार्सेला म्हणाली. "म्हणजे रात्री सभेनंतर गेला बिचारा."

हार्लन खाली बसला नाही. "डॉक्टर म्हणतो, दुपारी. मी म्हटलं, शक्यच नाही, सात वाजता फोनवर होता आमच्याशी. तो म्हणाला, गारठ्यात माझा अंदाज चुकेलही. पण येताना वाटेत फोनचा तारवाला भेटला. ऑरविलच्या रस्त्यावरचा खांब पडलाय. गुरुवारी चार वाजताच."

मार्सेलाच्या बोटांतले मणी थांबले.

"मेलेला माणूस," हार्लन म्हणाला, "तुटलेल्या तारेवरून. मग काल रात्री आपण बोललो कुणाशी?"

२

सेज कूलीचा शाळा-जिल्हा म्हणजे एक शाळा, एक शिक्षिका, आठवीपर्यंतची चौदा मुलं आणि त्यांच्यावर तीन निवडलेले विश्वस्त. मार्सेला अध्यक्षा होती. हार्लन हा तालुक्यातला सगळ्यात मोठा गव्हाचा शेतकरी, म्हणून शाळापट्टीही सगळ्यात जास्त त्याचीच. तिसरा ऑरविल.

राज्याकडून पैसे मिळतात ते डोईमागे. डोकी कमी झाली की पैसे कमी, छप्पर मात्र तेवढंच गळतं. म्हणून गुरुवारी ठराव होता. जादा शाळापट्टीसाठी गावाचं मतदान घ्यायचं आणि शाळा चालू ठेवायची. ठराव पडला असता तर उन्हाळ्यानंतर शाळा बंद, आणि मुलं चाळीस मैलांवरच्या गावच्या शाळेत. मार्सेला बाजूने, हार्लन विरुद्ध. ऑरविलने आपलं मत कुणालाच सांगितलं नव्हतं. सही केलेला ठराव मंगळवारपर्यंत काउंटीच्या कचेरीत पोचायला हवा होता, आणि सही मार्सेलाची लागणार होती.

या शाळेत तिची आई शिकली, ती शिकली, तिची चार मुलं शिकली. नवरा गेल्यावर रिकाम्या घरात तिला सकाळी उठवायची ती शाळेची घंटाच.

"मंगळवारपर्यंत शोध काढ," हार्लन जाताना म्हणाला होता. "नाहीतर मी शेरीफला सांगतो की शाळेची अध्यक्षा भुतांची मतं मोजते."

ती आधी आर्डिसकडे गेली. आर्डिस हाल्वरसन ही बोर्डाची चिटणीस. सभेत फोन तिच्याच कोपराजवळ असतो. आर्डिसने दार उघडण्याआधी पडदा सारून पाहिलं. घरातले सगळे दिवे भर दिवसा लावलेले होते.

"मी त्या शाळेत एकटी पाय टाकायची नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. पाद्रीबुवांना बोलावलंय मी."

"आर्डिस, बस जरा. मला सांग, फोन आला तेव्हा नेमकं काय झालं?"

"तू होतीस ना तिथे!"

"मी हार्लनच्या तोंडाकडे बघत होते. तू फोनजवळ होतीस."

आर्डिसने कॉफी ओतली. ती बशीत सांडली, तेव्हा मार्सेलाने भांडं तिच्याकडून काढून घेतलं. "वाजला. मी सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. भुंगा म्हणाला, ऑरविल बोलतोय, रस्ता बंद आहे, मत घ्या. मी नावं घेतली. हार्लन नाही म्हणाला. तू हो म्हणालीस. मी म्हटलं, ट्वेट. आणि मग..." तिने शाल घट्ट ओढली. "तो सुस्कारा. ऐकलास ना तू?"

मार्सेलाने ऐकला होता. लांब, थकलेला, जणू कुणीतरी जड ओझं खाली ठेवत होतं. त्याच्यामागून भुंगा गुणगुणला, हो.

"अखेरचा श्वास होता तो," आर्डिस कुजबुजली. "फोनमधून माझ्या मनगटाला गार लागला. हसू नकोस."

मार्सेला हसली नाही. घरी जाताना ट्रकच्या काचेवर बर्फाची भुकटी उडत होती आणि तिच्या मनात ऑरविलचा मफलर येत होता. बाहेरच्या थंडीत तो तोंडाला मफलर गुंडाळायचाच नाही, गळ्यालाच गुंडाळायचा. कारण शस्त्रक्रियेनंतर त्याचा श्वास नाकातोंडातून जात नव्हता. गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, तिथून जायचा. बोरांचा केक तोंडापाशी नेऊन तो म्हणायचा, मार्सेला, वास येत नाही, फक्त आठवतो. मेणबत्ती फुंकता येत नाही म्हणून वाढदिवसाला शाळेतली मुलं त्याच्यासाठी फुंकायची.

तिने ट्रक रस्त्याच्या कडेला थांबवला.

ज्याला मेणबत्ती फुंकता येत नाही, तो फोनमध्ये सुस्कारा कसा टाकेल?

ऑरविल नव्हता तो. जिवंत असता तरीही तो नसताच. फोनच्या पलीकडे कुणीतरी होतं, ज्याच्या तोंडातून श्वास येत होता.

३

शनिवारी शाळेत फक्त रूबेन बाउअर होता. रूबेन बस चालवायचा, बॉयलर पेटवायचा आणि छपराखाली बादल्या ठेवायचा.

"मलाच धरणार सगळे," तो म्हणाला, बादली रिकामी करत. "हार्लन काल येऊन माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जणू मी भुंगा गिळलाय."

"तू ऑरविलला आणायला गेला होतास ना गुरुवारी?"

"निघालो होतो, मिसेस फेटर. दुसऱ्या वळणापर्यंत गेलो. पुढे बर्फ माझ्या छातीएवढा. परत आलो आणि तुमच्यासाठी कॉफीचा थर्मास भरला. फोन वाजला तेव्हा मी दारात उभा होतो, टोपी हातात घेऊन. तुम्हीच म्हणालात, रूबेन, दार लोटून घे, वारं येतंय."

ते खरं होतं. आर्डिस टेबलाशी, हार्लन समोर, रूबेन दारात. त्या खोलीतल्या कुणाचेही ओठ हलत नव्हते.

"तुझी नोकरीही जाईल ना शाळा गेली तर?"

"जाईल की. पण मेलेल्या माणसाचं सोंग घ्यायला मला नाटकात कधी घेतलं नाही. नाताळात मी मेंढीच असायचो." त्याने दाढी खाजवली आणि आवाज उतरवला. "एक सांगू? काल शाळा सुटायच्या वेळी बॉयलर मंद करून बसकडे निघालो, तर पोरांच्या कोटांच्या खोलीतून भुंगा बोलला. एकच शब्द. मी मागे वळून पाहिलं नाही. बॉयलरची किल्लीही तिथेच टाकून पळालो."

"कुठला शब्द?"

"'मांजर'."

रूबेन खाली गेला आणि मार्सेला सभेच्या खोलीत एकटी बसली. खिडकीबाहेर शाळेच्या अंगणापलीकडे शिक्षिकेचं, जोलीन ब्राटचं, छोटं घर होतं. मध्ये पांढरा, सपाट बर्फ, त्यावर पावलांची एक ओळ. खोलीत गारठा होता. मग भिंतीतला वाफेचा नळ ठकठकला, जुना बॉयलर तापताना ठकठकतो तसा. ठक. ठक. ठक.

ती दचकली, आणि का दचकली ते तिला लगेच कळेना. हा आवाज ती लहानपणापासून ऐकत होती. आताच त्यात काय खटकलं?

पुन्हा तेच. ठक. ठक. ठक.

गुरुवारी असं नव्हतं. गुरुवारी, फोन चालू असताना, प्रत्येक ठोका दुहेरी पडला होता. ठक-ठक. ठक-ठक. हार्लन म्हणालाही होता, "ऑरविल आतून दार वाजवतोय की काय," आणि कुणी हसलं नव्हतं. एक ठोका भिंतीतून यायचा आणि त्याच्या पाठोपाठ एक, फोनमधून.

ऑरविलच्या घरात कोळशाची शेगडी होती. नळ नव्हतेच. फोन ज्याने केला, त्याच्या भिंतीत याच बॉयलरची वाफ ठकठकत होती.

तिने खिडकीतून त्या पावलांच्या ओळीकडे पाहिलं. शिक्षिकेच्या घराला वेगळी शेगडी नाही. बर्फाखालून गेलेल्या नळाने ते घर शाळेच्याच वाफेवर तापतं. तो खर्च बोर्डानेच, तिच्याच सहीने, मंजूर केला होता.

४

पण भुंगा एकच होता आणि तो ऑरविलच्या गळ्यात होता, बंद रस्त्याच्या पलीकडे. तो गळ्यातून काढून कुणी आणला आणि परत कुणी लटकावला? मार्सेलाने रविवारी चर्चमध्ये मासला जाऊन त्यावर विचार केला, गुडघे दुखेपर्यंत, पण तिला उत्तर सापडलं नाही.

सोमवारी सकाळी मुलांना ऑरविलच्या अंत्यविधीचं सांगायला ती शाळेत गेली. मधली सुट्टी होती. अंगणातून ओरडा येत होता, आत कुणी नव्हतं. व्हरांड्यातून जाताना कोटांच्या खोलीचं दार किलकिलं होतं.

आतून ऑरविल बोलला.

"मांजर," भुंगा गुणगुणला. "मांजर. भिंती... वर. मांजर भिंतीवर."

मार्सेलाने छातीवर क्रूस काढला. मग दार ढकललं.

रिकाम्या खुंट्यांखाली, मुलांनी काढून ठेवलेल्या वर्गातल्या बुटांच्या ढिगात एक मुलगी बसली होती. मांडीवर पहिलीचं पुस्तक. आयरिस सोल्हाइम, आठ वर्षांची, तिसरीतली. तिने गळ्याला एक जुनं यंत्र धरलं होतं, कडेला चिकटपट्टी गुंडाळलेलं.

"ते कुठलं, आयरिस?"

मुलीने ते पाठीमागे लपवलं, मग पुढे आणलं. "मिस्टर ट्वेटचं जुनं. आम्हाला दिलं होतं त्यांनी, बुधवारी वाचायला. याने वाचलं की घाई करताच येत नाही. मी घाई केली की अक्षरं पळतात ना." तिने कडेची चिकटपट्टी नीट दाबली. "पोरं भांडायची, म्हणून मिस ब्राट ते त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवतात. शुक्रवारी त्यांनी मला तिथे दूध दिलं, तेव्हा मी घेतलं. चोरलं नाही. मला फक्त मिस्टर ट्वेटांचा आवाज ऐकायचा होता."

मार्सेला बुटांमध्ये, तिच्या शेजारी बसली. "कसं लावतात ते?"

"इथे दाबायचं. ओठ हलवायचे. आणि श्वास धरायचा, मिसेस फेटर. श्वास सोडला की भुंग्याचा आवाज फुटतो."

मार्सेलाने बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. "हे वाच बरं. भुंग्याशिवाय."

आयरिसने ओळीकडे पाहिलं. बराच वेळ. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने पुस्तक मिटलं.

५

जोलीन ब्राटने दार उघडलं. मार्सेलाच्या हातातलं यंत्र पाहिलं आणि ती बाजूला झाली.

तिशीही न उलटलेली मुलगी. याच काउंटीतल्या शेतावर वाढलेली. ज्या सेज कूलीला यायला कुणी तयार नव्हतं, तिथे ती चार वर्षं टिकली होती. टेबलावर मुलांच्या वह्या, चुलीवर बटाट्याचं सूप. भिंतीत नळ ठकठकत होता.

"मुलं बाहेर खेळतायत," मार्सेला म्हणाली. "थोडा वेळ आहे आपल्याला. सांग, पोरी."

जोलीन खुर्चीच्या कडेला टेकली. "तुम्ही मला चोर म्हणाल."

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"सात वाजले, तो आला नाही. मी त्याच्या घरी फोन लावून पाहिला, लागेना. खिडकीतून तुमची खोली दिसत होती. तुम्ही आणि ग्रोथ समोरासमोर. एकाला एक. त्याच्याशिवाय ठराव पडणार, आणि मंगळवारनंतर मुदतच नाही. तो बर्फात अडकलाय म्हणून चौदा मुलांची शाळा जाणार?" तिने डोळे पुसले. "मी खण उघडला. विचारच केला नाही, मिसेस फेटर. आमच्याकडे वादळात शेजाऱ्याचं काम कुणी विचारून करत नाही. गुरं उपाशी असतात, चारा टाकायचा, सकाळी सांगायचं. मी सकाळी त्याला सांगणार होते. वाटलं, तो भुंगा लावून हसेल. हसला की कसा घर्रर्र आवाज यायचा, आठवतं?"

"आठवतं."

"आणि सकाळी रूबेन आला बस सुरू करायला. म्हणाला, ऑरविल गेला. काल दुपारीच." तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि बोटांआडून बोलली. "मी त्याच्या आवाजात हो म्हणत होते, तेव्हा तो तिकडे अंधारात बसला होता. ताटासमोर. तेव्हापासून मला मोठ्याने वाचवत नाही वर्गात. तोंड उघडलं की वाटतं, तोच बोलेल."

मार्सेलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला त्या सुस्काऱ्याने शंका आली. ऑरविलला तो टाकता आला नसता. तू दमली होतीस, घाबरली होतीस, श्वास सुटला."

जोलीनने हात खाली घेतले. "कुठला सुस्कारा?"

"हो म्हणण्याआधीचा. आम्ही सगळ्यांनी ऐकला."

"मी नाही टाकला." तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "टाकताच येत नाही. आर्डिसने नाव घेतलं तेव्हा मी श्वास धरून बसले होते, भुंगा आधीच दाबलेला. मिसेस फेटर, देवाशपथ. या खोलीत कुणीच सुस्कारा टाकला नाही."

भिंतीवरच्या फोनकडे दोघींनी एकदमच पाहिलं. नळ ठकठकायचा थांबला होता. मग अंगणात एक मूल ओरडलं आणि मार्सेलाने स्वतःचा श्वास सोडला.

"तो हो म्हणाला असता," जोलीन घाईने म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे. दर बुधवारी यायचा तो. या मुलांवर जीव होता त्याचा. मी फक्त त्याचंच मत पोचवलं."

मार्सेलाला ते मान्य करायचं होतं. इतकं, की तिची मान हलायलाही लागली होती. ठराव तिच्या पिशवीत होता. सही करायची आणि गप्प राहायचं. हार्लन भुताखेताचं बोलत राहिला असता, शेरीफ हसला असता.

"गेल्या बुधवारी," ती म्हणाली, "तो काय म्हणाला? जाताना?"

जोलीनने वह्यांकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या राज्याच्या परीक्षेत निम्मी मुलं वाचनात मागे पडली होती. ते दोघींना ठाऊक होतं, आणि सभेत मार्सेलानेच तो विषय लवकर आटोपता घेतला होता.

"आयरिसचं वाचन ऐकलं त्याने," जोलीन अखेर म्हणाली. "मग बराच वेळ कोट घालत बसला. दारात मागे वळला आणि विचारलं, ती तिसरीत आहे ना? मी म्हटलं, हो. बस, एवढंच." तिने वह्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "आठ इयत्ता आहेत, मिसेस फेटर. मी एकटी आहे."

"माहीत आहे, पोरी."

"तो हो म्हणाला असता ना?"

"मला ठाऊक नाही," मार्सेला म्हणाली. "तुलाही नाही. ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि म्हणूनच ते आपल्याला वापरता येत नाही."

६

सोमवारी संध्याकाळी तिने तातडीची सभा बोलावली. रस्ते मोकळे झाले होते, सगळे पालक आले. कुणी भाताचं भांडं आणलं, कुणी केक, पण कुणी झाकण काढलं नाही. आर्डिस आली ती पाद्रीबुवांना शेजारी बसवून. हार्लन हात बांधून बसला.

मार्सेलाने सांगायला तोंड उघडलं, तोवर मागच्या रांगेतून जोलीन उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. खाली बसली तेव्हा खोलीत कुजबूज उठली. कुणी म्हणालं, लाज कशी वाटली नाही. आयरिसची आई म्हणाली, "तिने आमच्यासाठी केलं, तुम्ही काय केलंत?" रूबेन भिंतीला टेकून म्हणाला, "बादल्या बदलल्या," आणि एक-दोघं नको असताना हसले.

हार्लनने मार्सेलाकडे पाहिलं. "गळ्यात भुंगा होता त्याच्या. दुसरा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला कळलं कधी?"

"आज दुपारी."

"आणि तू सही नाही केलीस."

"नाही केली."

त्याने बांधलेले हात सोडले. "माझं मत तेच आहे, मार्सेला. आधीच सांगतो. पट्टीचं म्हणशील तर ते आहेच, खोटं कशाला बोलू. पण मीही वाचलेत परीक्षेचे आकडे."

"तू तुझं मत दे, हार्लन. मी माझं देते."

मागचा ठराव रद्द झाला. तोच ठराव पुन्हा मांडला मार्सेलाने, आणि चर्चेला यावा एवढ्यापुरतं अनुमोदन दिलं हार्लननेच. दोघांचं गणित सगळ्या खोलीला येत होतं. बरोबरीत ठराव पडतो. आता तिच्या मताने काहीच बदलणार नव्हतं. गप्प राहिली असती तरी शेवट तोच होता.

"ग्रोथ," आर्डिसने नाव घेतलं.

"नाही."

"फेटर."

मार्सेलाच्या नजरेसमोर आई आली, घंटेच्या दोरीला लोंबकळणारी तिची मुलं आली, आणि बुटांच्या ढिगात पुस्तक मिटणारी आयरिस आली. सगळी एकाच वेळी आली, त्यातलं कुणी कुणाला बाजूला सारेना.

"हो," ती म्हणाली, स्पष्ट, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं. आणि अध्यक्षा होती म्हणून, पुढचं वाक्यही तिलाच म्हणावं लागलं. "एकास एक. ठराव नामंजूर. शाळा उन्हाळ्यानंतर उघडणार नाही."

जोलीनने चेहरा ओंजळीत लपवला. आयरिसची आई तिच्याजवळ जाऊन बसली.

"अजून एक," मार्सेला म्हणाली. "चाळीस मैलांवरच्या गावच्या शाळेला आपण लिहायचं. आपली मुलं येतील, पण तिकडे वाचन शिकवायला वेगळी शिक्षिका हवी, रोज, आणि ती मिळेपर्यंत आपण विलीनीकरणावर सही करायची नाही. असा ठराव मी मांडते."

"अनुमोदन," हार्लन म्हणाला, आर्डिसने विचारण्याआधी. "आणि लिहा त्यात, पहिल्या वर्षी तिचा अर्धा पगार माझ्याकडून. पट्टीतून नाही. माझ्या खिशातून."

तो ठराव दोघांच्याही मतांनी मंजूर झाला. आर्डिसने लिहून घेतलं आणि वर पाहिलं.

सभा संपवायलाही ठराव लागतो. कुणीतरी म्हणायला हवं होतं, सभा संपली असं मांडतो. हार्लनने तोंड उघडलं आणि मिटलं. मार्सेलाने टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला, परत ठेवला. भांड्यांतलं अन्न गार होत गेलं, एका बाईच्या कडेवरचं मूल झोपी गेलं, छपरातलं पाणी बादलीत पडत राहिलं, आणि सेज कूलीची ती माणसं तशीच बसून राहिली, कारण कुणालाच ते पहिलं म्हणायचं नव्हतं.